तिसऱ्या इंजिनाची परांची

आमच्या कॉलनीत मला अजूनही लोक पायलट समजतात. सकाळी दूध घेऊन परतलो की समोरचे निवृत्त नायब तहसीलदार गच्चीवरून विचारतात, "काय कॅप्टन, आज लँडिंगला उशीर?" सुरुवातीला मी खुलासा करायचो. आता करत नाही. पण लिहायलाच बसलोय तर एकदा स्वच्छ सांगतो. मी विमान कधी उडवलं नाही. विमान उडवण्याजोगं आहे की नाही ते तपासायचं, नसेल तर करायचं, आणि मग खाली सही ठोकायची, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय कॅप्टनला जागचं हलता येत नसे. हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की आता नातवंडं माझ्या आधी म्हणतात.

नोकरीची सगळी कुंडली मांडत बसत नाही. एका आखाती विमान कंपनीत उमेदीची वर्षं गेली, एवढं पुरे. त्यातलं एक विमान आणि एक दिवस सांगतो. दिवस आपल्या चिकलठाण्यावरचा, शहराला औरंगाबाद म्हणत तेव्हाचा. आणि विमान तीन इंजिनांचं.

तीन इंजिनांची ती रुंद विमानं आता आभाळात दिसत नाहीत. मला दिसतात, पण झोपेत. स्वप्नातलं विमान नेहमी कैलास लेण्याच्या अंगणात उभं असतं, काळ्या दगडात कोरलेलं. उन्हं कललेली असतात. शेपटीपाशी आप्पा परांची बांधत असतात आणि वरून कोणीतरी हाक देत असतं. जाग आली की वाटतं, यात खोटं असं फारसं काही नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. वेरूळला लेण्यांच्या कामावर परांची बांधायचे. उंचावर काम करायचं तर बल्ल्या उभ्या-आडव्या बांधून, त्यावर फळ्या टाकून जो सांगाडा करतात ती परांची. मूर्तीच्या डोक्यावरची शेवाळ काढायची, चीर बुजवायची, फोटो घ्यायचा, काहीही असो, आधी आप्पांना बोलावणं. निजामाच्या अमलात कोवळ्या वयात ते कामाला लागले. पोलीस ॲक्शन झाली, खातं बदललं, साहेबांच्या टोप्या बदलल्या. "बल्ल्या त्याच राहिल्या," आप्पा म्हणायचे.

लेण्यातल्या परांचीचा एक कायदा असतो. ती कुठंही दगडाला टेकायची नाही. घर बांधताना परांची भिंतीला रेलते, तिचा अर्धा भार भिंत घेते. लेण्यात ते चालत नाही. हत्तीच्या सोंडेपासून वीतभर लांब, देवीच्या खांद्यापासून वीतभर लांब, अशी ती नुसती आपल्या पायांवर उभी राहते. लांबून पाहिलं तर लेण्याभोवती दुसरं एक हलकं लेणं तरंगतंय असं वाटतं.

हे काम एकट्याचं नाही. एकानं बल्ली धरायची, दुसऱ्यानं काथ्याच्या दोरानं बांधायची. आप्पा बांधायचे आणि धरायचे रशीदचाचा, खुलताबादचे. आप्पा गाठ मारण्याआधी विचारायचे, "धरलं का?" पलीकडून चाचांचं उत्तर यायचं, "पकड्या!" ते ऐकल्याशिवाय आप्पा दोर ओढत नसत. माझं सगळं लहानपण या दोन शब्दांच्या आवाजात गेलं. लेण्यात ते घुमायचे.

परांची पुरी झाली की सगळ्यात वरच्या बल्लीला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा आणि डहाळ्यात एक लोखंडी खिळा खोवायचा. दृष्ट लागू नये, माणूस पडू नये म्हणून. परांची उतरली की डहाळा टाकून द्यायचा आणि खिळा पुढच्या कामासाठी जपून ठेवायचा. खिळा एकच होता. दोघांच्या पहिल्या कामाला रशीदचाचांनी कुठूनसा आणलेला, घोड्याच्या नालेचा, चौकोनी डोक्याचा. आणि खरं म्हणजे दोघंही कधी पडले नाहीत. चाचा गेले ते तापानं, आपल्या अंथरुणात.

मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. निकाल लागला तेव्हा आप्पा वर फळीवर होते. मी खालून ओरडून सांगितलं, पास झालो. वरून आवाज आला, "आता खाली राहूनच काम करायचं. वर चढायचं नाय!" त्यांची सगळी आशा एवढीच होती. मुलाच्या हाताला ना दोर, ना घट्टे. पुढं मी विमानाचा इंजिनियर झालो आणि सुट्टीत घरी आलो, तेव्हा त्यांनी माझा पंजा उलटा करून पाहिला. नखांत काळं होतं.

"बी.एस्सी. होऊन बी काळंच का रं?"

"इंजिनाचं तेल आहे, आप्पा. साबणानं जात नाही."

"मंग आमचा काथ्या काय वाईट व्हता," असं म्हणून ते हसले खरे, पण मनातून हिरमुसले.

आता थोडं विमानाबद्दल. त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

चार इंजिनांचं जंबो सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अवाढव्य आणि खादाड. सगळ्या मार्गांवर एवढी माणसं मिळत नाहीत आणि सगळ्या गावांत एवढी लांब धावपट्टीही नसते. उलट दोन इंजिनांच्या विमानाला तेव्हा एक कडक नियम होता. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर तासाभरात कुठल्यातरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे, इतक्या बेतानंच त्यानं उडायचं. म्हणजे समुद्र ओलांडायचे वांधे. मग अमेरिकेतल्या दोन कारखान्यांनी जवळजवळ एकाच वेळी मधला रस्ता काढला. तीन इंजिनं! आखूड धावपट्टीवरून उठेल, समुद्रही ओलांडेल, आणि जंबोइतकं पिणार नाही.

पण तिसरं ठेवायचं कुठं? पंखाखाली एक इकडं, एक तिकडं. मग उरलं ते शेपटीत. एका कारखान्यानं ते शेपटीच्या उभ्या पात्यात आरपार, सरळ नळीत बसवलं. ते डीसी-टेन. दुसऱ्यानं इंजिन खाली, विमानाच्या अगदी बुडाशी ठेवलं आणि हवा घ्यायचं तोंड ठेवलं वर, पाठीवर. तोंडापासून इंजिनापर्यंत हवा वळणावळणाच्या नळीतून खाली उतरायची. ते ट्रायस्टार. त्याचं इंजिन विलायतेत तयार होत होतं आणि ते बनवणारी कंपनीच मध्यंतरी बुडाली. सरकारनं तिला हात दिला, पण तेवढ्यात पहिल्यानं बाजार मारला. विमान म्हणून ट्रायस्टार फार देखणं. मी त्याच विमानावर वाढलो, त्यामुळं माझं मत कोणी धरू नये.

प्रवासी खिडकीतून बघतो तेव्हा त्याला एखादंच इंजिन दिसतं, पंखाखालचं. मधलं कोणालाच दिसत नाही. ते सगळ्यांच्या पाठीमागं असतं. आम्हा दुरुस्तीवाल्यांना मात्र तेच आधी दिसायचं. कारण पंखाखालच्या इंजिनात साध्या शिडीवरून डोकावता येतं, मधल्याचं तोंड मात्र तिमजली घराच्या गच्चीएवढं उंच. त्यासाठी माणसाला वर उचलणारा मोठा यांत्रिक पाळणा लागतो. मोठ्या विमानतळांवर तो असतो. त्या काळात आपल्याकडं नव्हता. इथं यायची ती छोटी विमानं, त्यांना काय करायचाय पाळणा?

त्या वर्षी हजच्या यात्रेकरूंसाठी आमच्या कंपनीनं इथून विमानं सोडली. धावपट्टी आखूड, म्हणून तीन इंजिनांचं पाठवलं. मी साहेबांच्या मागं लागून ड्यूटी इथं लावून घेतली. घरचा डबा, आणि गावात ऐट, दोन्ही कारणं होती. शेवटच्या फेरीचं विमान उतरलं आणि त्याचा एक पंप बिघडलेला निघाला. नवा पंप यायला दोन दिवस गेले. तेवढे दिवस विमान पटांगणात उभं राहिलं, ऊन खात, मोठ्या शांत जनावरासारखं. संध्याकाळी त्याची सावली पार कुंपणापर्यंत जायची.

पंप बसवला. सकाळी मी शेवटची फेरी मारत होतो. शेपटीखाली आलो तर पायाशी काडी पडली. वर पाहिलं. मधल्या इंजिनाच्या तोंडातून एक पारवा बाहेर आला, काठावर बसला आणि घरमालकासारखा माझ्याकडं बघून परत आत गेला.

देवगिरीच्या कड्यात, वेरूळच्या खाचांत, विहिरींत राहणारे आपले पारवे. दोन दिवस कोणी हललं नाही म्हटल्यावर त्यांनी ते लेणंच समजलं असणार. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

पण घरटं आत असताना इंजिन चालू करता येत नाही. वर चढून, नळीत उतरून, तळाशी पंख्यापर्यंत सगळं साफ आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नव्हतो. पाळणा मुंबईहून आणायचा तर दुसरा दिवस उजाडणार. आणि कॅप्टननं सांगून ठेवलं होतं की सूर्य मावळायच्या आत निघालो तर निघालो. पुढं वैमानिकांच्या कामाचे तास संपत होते आणि उद्यापासून तिकडं, हजच्या मुलखात, यात्रेकरूंची विमानं उतरवून घेणं बंद. हे शेवटचं विमान होतं.

बाहेर मंडपात यात्रेकरू बसले होते. त्यांत अमीनाखाला होत्या, रशीदचाचांच्या बायको. हजला दोघांनी जायचं, हे चाचांचं आयुष्यभराचं बोलणं. नंबर लागला तेव्हा चाचा नव्हते. खाला भावाबरोबर निघाल्या होत्या. पांढऱ्या ओढणीत त्या इतक्या लहानखुऱ्या दिसत होत्या की मला आधी ओळखूच आल्या नाहीत.

"बेटा, उडरा क्या नै आज?"

"उडेल, खाला. थोडं काम राहिलंय."

"तू है ना, फिर मेरेकू फिकर नक्को. तेरे चाचा बोलते थे, आप्पा का पोरगा है, गाठ कच्ची नै मारने का."

मी तिथून निघालो तो सरळ फोनपाशी. वेरूळच्या नाक्यावरच्या दुकानात फोन लावला आणि आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा तेव्हा निवृत्त झालेले, पण त्यांच्या हाताखालची माणसं गावातच होती.

"आप्पा, परांची पाहिजे. आजच्या आज. तीन मजले. आणि विमानाला कुठंही टेकायची नाही. पत्रा नाजूक असतो."

पलीकडून उत्तर आलं, "टेकायची नाय, हे तू मला सांगतो व्हय?"

टेम्पो भरून बल्ल्या आल्या तेव्हा विमानतळाचे अधिकारी देशपांडे साहेब फाटकावर कपाळाला हात लावून उभे. भला माणूस, पण नियमाचा. माणसांचे पास झाले. मग म्हणाले, "आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद लागते हो. या बल्ल्यांना मी काय म्हणून लिहू?"

आप्पा टेम्पोतूनच म्हणाले, "लिवा की साहेब. आडनाव सागवान, राहणार तालुका कन्नड."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं.

मी आजवर मोठमोठ्या हँगरांत कामं पाहिली. त्या दुपारसारखं काही पाहिलं नाही. पांढऱ्याशुभ्र विमानाच्या शेपटीभोवती सागाच्या बल्ल्या एकावर एक चढत होत्या. वीतभर लांब, सगळीकडं वीतभर लांब. गरम हवेनं सगळं पाण्यातल्यासारखं हलत होतं. वर आप्पा, डोक्याला रुमाल, दोर दातांत धरलेला. "धरलं का?" ते विचारायचे. पलीकडचा नवा गडी "धरलं, आप्पा!" म्हणायचा. आणि आप्पा तरी क्षणभर थांबायचे. उत्तर आलं होतं, पण ज्याची सवय होती ते आलं नव्हतं.

वरच्या बल्लीला डहाळा बांधला गेला. मग माझी पाळी. नळीत उतरण्याआधी खिसे रिकामे करायचे, घड्याळ, अंगठी, पेन, बूट, सगळं काढून ठेवायचं. इंजिनाच्या पोटात बाहेरचं काहीही राहता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आप्पा ते बघत होते.

"देवळात चालला का काय?"

"तसंच समजा."

माझा मदतनीस मॅथ्यू, केरळचा, त्यानं माझ्या पट्ट्याचा दोर धरला आणि मी आत गेलो. घरटं काढलं. अंडी नव्हती, नुसत्या काड्या, त्यामुळं मनाला बरं वाटलं. घसरत वळणावरून खाली उतरलो, पंख्याची पाती एकेक हातानं चाचपली, बॅटरी सगळीकडं फिरवली. साफ. वर आलो, तोंडाला कापडाचा पडदा लावा म्हणून आप्पांना सांगितलं आणि खाली उतरलो. पारवे यायला नकोत, बाकी काय. इंजिन सुरू करायच्या आधी दोरीनं ओढला की पडदा खाली येईल. सगळ्यात शेवटी वरून आप्पा उतरले.

परांची सुटायला लागली. मंडपात गडबड उडाली, माणसं रांगेत उभी राहिली. ऊन पिवळं झालं होतं. मी सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात सगळ्यात वरची बल्ली खाली आली. तिला नुसता दोर होता, डहाळा नव्हता.

"आप्पा, खिळा द्या, माझ्याकडं ठेवतो. गडबडीत पडायचा."

आप्पांच्या तोंडावर असं हसू मी फार कमी वेळा पाहिलंय. लहान मुलासारखं. जवळ येऊन हळू म्हणाले, "ह्या बारीला खाली नाय आणला."

"म्हणजे?"

"वर ठिवला. तुझ्या इंजनाच्या तोंडात, पडद्याच्या आत सरकवून. भाभी बसनार हाय ना त्यात. रशीदचा खिळा हाय, तिच्यासंगं जाऊ दे म्हटलं. दोघं जानार व्हते, दोघं जातील."

पारव्याच्या काड्या इंजिन एखादे वेळी पचवेलही. लोखंडाचं तसं नाही. फिरत्या पात्यांत खिळा गेला म्हणजे पात्याचा टवका उडतो, टवका पुढच्या पात्यात जातो, आणि पुढं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही. तेही हवेत, माणसांनी भरलेल्या विमानात, जिच्यासाठी खिळा ठेवला ती बाई आत बसलेली असताना.

"थांबवा!" मी ओरडलो. "परांची सोडू नका! माणसं बसवू नका!"

देशपांडे साहेब धावत आले. "आता काय राहिलं?"

"इंजिनात लोखंड आहे."

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "एवढ्याशा खिळ्यानं?"

"एवढ्याशा खिळ्यानं, आप्पा. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

चारचौघांत, त्यांच्या माणसांसमोर माझा आवाज चढला होता. आप्पांनी रुमाल काढला, झटकला, परत बांधला.

"असलं कोनी सांगत नसतं," म्हणाले. मग गड्यांकडं वळले. "काय बघता? बांधा रे परत."

किती वेळ लागला ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सावली लांबत होती, कॅप्टन शिडीच्या पायथ्याशी घड्याळ बघत होता, आणि मंडपातली माणसं नमाजाला उभी राहिली होती. मी बूट काढले, खिसे उलटे केले. मॅथ्यू दोर घेऊन पुढं झाला. आप्पांनी त्याच्या हातातून दोर घेतला.

"पट्टा तुमच्या कंपनीचा असू दे. दोर मी धरतो."

पडदा सारून मी आत शिरलो. आतून ती नळी मी किती वेळा पाहिली होती, पण त्या दिवशीची वेगळीच. मागून पिवळा उजेड येत होता आणि धातूवर पसरून मधासारखा खाली ओघळत होता. बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. आपलाच श्वास मोठा होऊन परत येत होता, कैलासाच्या आतल्या ओवरीत येतो तसा. लेणं वरून खाली कोरलं, आधी कळस, मग पाया. मीही तसाच वरून खाली उतरत होतो. क्षणभर मला खरंच कळेना की मी कुठल्या डोंगरात आहे.

डहाळा वळणावर सापडला. घसरून आला होता. मी तो उचलला, बॅटरी धरली.

खिळा नव्हता.

पान न् पान चाचपलं. नव्हता. म्हणजे तो सुटून पुढं गेला, खाली, पंख्याकडं. मी आणखी सरकलो आणि पट्ट्याला हिसका बसला. घाईत परत बांधलेली परांची या खेपेला तोंडापासून जरा जास्तच लांब पडली होती, त्यामुळं दोर संपला होता. वरून जेवढा सोडायचा तेवढा सोडून झाला होता. पुढं जायचं तर आप्पांना परांचीवरून तोंडाच्या काठावर वाकून हात आत घालावा लागणार होता. वयाची साठी उलटून गेलेली, आणि काठाला भार द्यायचा नाही, टेकायचं नाही.

मी ओरडलो, "आप्पा, अजून हातभर पाहिजे! धरलं का?"

काही आलं नाही. मग वरच्या उजेडात सावली हलली आणि नळीतून घुमत, वळण घेत, आवाज खाली आला.

"पकड्या!"

आवाज आप्पांचा होता. शब्द त्यांचा नव्हता. चाचा गेल्यापासून तो मी कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. मी आणखी काही विचारलं नाही. सगळं अंग त्या दोरावर सोडलं आणि हात लांब केला. दोन पात्यांच्या बुडाशी, खाचेत, चौकोनी डोकं बोटाला लागलं.

वर आलो तेव्हा आप्पांचा हात खांद्यापर्यंत आत होता आणि दोन गडी त्यांचे पाय धरून बसले होते. पत्र्याला ते कुठंही टेकले नव्हते. मी मूठ उघडली. त्यांनी खिळा घेतला, धोतराला पुसला आणि खिशात टाकला.

पात्यांवर ओरखडा नव्हता. मी सही केली.

विमान उठलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकायचा होता. आखूड धावपट्टीच्या शेवटाशी ते वर झालं, तिन्ही इंजिनांचा धूर एका रेघेत मिसळला आणि दौलताबादच्या बाजूला सोनेरी ठिपका होऊन विरघळलं. आप्पा टेम्पोतल्या बल्ल्यांवर बसून बघत होते. मग म्हणाले, "मधलं कोनतं वाजत व्हतं?"

"तिन्ही एकदम वाजतात, आप्पा. वेगळं नाही कळत."

"हां," म्हणाले. "तसंच पाहिजे."

खाला परत आल्या तेव्हा खजूर आणि झमझमचं पाणी घेऊन आमच्या घरी आल्या. आप्पांशी बोलताना त्या मराठीच बोलायच्या. "भाऊ, माझी जागा एकदम शेवटी होती. सगळे म्हणाले आवाज लई येतो, पुढं बस. मी नाय गेले. पाठीमागून सारखा हुंकार येत होता. वाटायचं, कोणीतरी मागून धरून बसलंय." आप्पांनी मान हलवली. खिळ्याचं त्यांनी त्यांना सांगितलं नाही, मीही नाही.

पुढचं जगाला माहीत आहे. दोन इंजिनांची विमानं इतकी भरवशाची झाली की तो तासाचा नियम सैल करावा लागला. समुद्र त्यांना मोकळे झाले. मग तिसरं इंजिन म्हणजे पंगतीला उगाच बसलेला पाहुणा ठरला. त्याला तेल घाला, त्याला माणूस ठेवा, त्याच्यासाठी पाळणा आणा. हिशोब बरोबर होता, मी भांडत नाही. तीन इंजिनांच्या काही विमानांच्या खुर्च्या काढून त्यांत माल भरला, बाकीची वाळवंटात नेऊन उभी केली. तिथं पाऊस नसतो, गंज चढत नाही. नुसती उभी असतात.

आमच्या कंपनीचं शेवटचं ट्रायस्टार वाळवंटाकडं निघालं तेव्हा त्याची शेवटची तपासणी मी मागून घेतली. आप्पा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. जाण्याआधी त्यांनी खिळा माझ्या हातात दिला होता. त्या दिवशी तो माझ्या खिशात होता, आणि खोटं कशाला सांगू, मनात एक बेत होता. हे विमान आता कोणाला घेऊन जाणार नव्हतं. जिथं उतरेल तिथंच राहणार होतं, कायमचं. त्याच्या मधल्या इंजिनाच्या तोंडात खिळा ठेवायचा, आत सरकवून. कोणाला कळलंही नसतं.

यांत्रिक पाळणा आला. मी बूट काढले, खिसे रिकामे केले. किल्ल्या, पेन, सुटे पैसे आणि खिळा, सगळं ताटलीत ठेवलं. मॅथ्यू आता स्वतः इंजिनियर झाला होता. त्यानं खिळा ओळखला, माझ्याकडं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. मला वाट करून दिली म्हणा ना.

मी ताटलीकडं पाहिलं. विमानाचं अजून एक उड्डाण बाकी होतं.

खिळा तिथंच ठेवून मी वर गेलो. सगळं तपासलं, पंख्याची पाती एकेक हातानं चाचपली. वळणावर जरा थांबलो आणि वरच्या गोल उजेडाकडं बघून, हळूच, विचारलं, "धरलं का?"

मग खाली आलो आणि सही केली.